बाराव्याचं ताट

सातारा जिल्ह्यात आजवर पुष्कळ नट होऊन गेले, पण प्रेक्षकांनी इतक्या मनापासून बडवलेला नट एकच. हे मी अजिबात वाढवून सांगत नाही. टाळ्यांचं काय, पुढारी बोलून खाली बसला तरी टाळ्या पडतात, सुटल्याच्या आनंदात. पण ज्याचं काम बघून मेढ्याचा एक शहाणासुरता शेतकरी दुसऱ्या दिवशी नांगरट टाकून एसटीनं साताऱ्याला येतो, पत्ता विचारत विचारत दारापर्यंत पोचतो, कानाखाली एक वाजवतो आणि चहाही न घेता परतीची गाडी पकडतो, असा नट मी तरी दुसरा बघितलेला नाही.

तो नट आमच्या चर्चच्या आवारात, मागच्या चिंचेखाली, दोन खोल्यांत राहायचा. कॅमेऱ्यापुढं उभं कसं राहायचं हे मी त्यांच्याकडे शिकलो. आता काका आणि काकू सांगलीला मुलाकडे असतात, आणि त्यांच्या माघारी त्यांच्याबद्दल बोलायचं काम आपोआपच माझ्याकडे आलं आहे. मी ते इमानानं करतो. फार तर थोडी फोडणी देतो.

काकांचं खरं नाव मला ठाऊक नाही. आमची मंडळी, म्हणजे आमच्या चर्चची माणसं, त्यांना 'बारावे' म्हणायची. प्रभूच्या शिष्यांतला जो शेवटचा, ज्यानं मुका घेऊन गुरूला शिपायांच्या हवाली केलं, त्याचं नाव आमच्यातली जुनी माणसं तोंडानं घेत नाहीत. नुसतं 'तो बारावा' म्हणतात आणि विषय बदलतात. काकांनी ऐन जवानीत, माझ्या जन्माच्या कितीतरी आधी, एका सिनेमात तो बारावा केला होता. तेव्हापासून ते बारावे. नवे पाळकसाहेब, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, बदलून आले तेव्हा पहिले काही महिने ते हे आडनावच समजत होते आणि बाराव्यांचं मूळ गाव कोणतं याची चौकशी करत होते.

तो सिनेमा म्हणे कृष्णेच्या वाळूत काढला. अजिंक्यताऱ्याची उतरण झाली यरुशलेम, कृष्णा झाली यार्देन, आणि कोरेगावच्या कुंभाराची गाढवं कुणाचीही नक्कल न करता गाढवंच झाली. बाराव्याचं काम करायला एकही तरुण तयार होईना. काका तयार झाले, कारण त्यांना वाटलं, सिनेमा संपला की माणूस घरी जातो.

तसं झालं नाही. सिनेमा जीपमध्ये घालून गावोगाव दाखवायचा होता, आणि पडदा बांधायला माणूस हवा होता. ते कामही काकांनाच मिळालं. म्हणजे बघा, दिवसाढवळ्या जो माणूस बांबू रोवून, पांढरी चादर ताणून, पोरांना पुढं बसा म्हणून सांगत होता, तोच माणूस अंधार पडल्यावर त्याच चादरीवर येऊन प्रभूला धरून देत होता. लोकांनी काय करावं? खंडाळ्याला सकाळी न्हाव्यानं निम्मी दाढी करून ओळखलं आणि वस्तरा मिटून ठेवला. काका दोन गावं तशाच निम्म्या दाढीनं फिरले. एका कंडक्टरनं त्यांना तिकीट दिलं, पण उभं राहायला लावलं, आणि गाडी रिकामी होती. हे सगळं काका छाती फुगवून सांगायचे. त्यांच्या घरी कपाटावर ढाल नव्हती, चषक नव्हता. भिंतीवर खिळ्याला एक काळी छत्री टांगलेली होती, काडी मोडलेली.

"ही कोरेगावची," काका सांगायचे. "सिनेमा चालू असताना एक म्हातारी उठली, पडद्याला दोन हाणल्या, मग मागं येऊन मला हाणली. ही मोडली ती माझ्या पाठीवर. असं बक्षीस कुणाला गावलंय का?"

काकू आतून चहा गाळता गाळता म्हणायच्या, "म्हातारी कुठली? मी व्हते ती. छत्री तेवढी आईची."

"मग लगीन का केलं गं माझ्याशी?" हे काका दर वेळी नव्यानं ऐकल्यासारखं विचारायचे.

"झोपच लागंना. म्हटलं, एवढा वाईट माणूस खरा असू शकत न्हाई. खात्री करायला आले." मग कप पुढं ठेवत, "अजून चालूच हाय खात्री."

काकांच्या शास्त्राचा पहिला नियम याच छत्रीतून निघाला होता. मारणारा प्रेक्षक आपला. गप बसणारा गेला. "त्यो मनातल्या मनात तुला कायमचा पुरतो," काका म्हणायचे. हा नियम ध्यानात ठेवा, पुढं तो माझ्या मानगुटीवर बसणार आहे.

माझं म्हणाल तर कोरेगावात माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान, आणि डोक्यात नट होण्याचं वेड. वाईकडे मालिकांची शूटिंगं चालतात, तिथं मी जाऊन आलो होतो. एका लग्नाच्या प्रसंगात मी अक्षता टाकल्या. माझा उजवा कोपर घराघरांत दिसला. कोपराचं काम चांगलं झालं होतं असं जाणकारांचं म्हणणं पडलं, पण त्यापुढं माझ्या शरीराला कुणी बोलावलं नाही.

अशात आमच्या पाळकसाहेबांनी ठरवलं की यंदा ईस्टरला मंडळीचा स्वतःचा सिनेमा करायचा. दरवर्षी शब्बाथशाळेची, म्हणजे चर्चमधल्या रविवारच्या शाळेची, मुलं नाटक करायची आणि दरवर्षी कुणा ना कुणा शिष्याची दाढी गळून पडायची. मोबाईलवर सिनेमा काढू, आवारात पडदा लावून दाखवू, असं ठरलं. आणि उभ्या मंडळीत कॅमेऱ्याचं तोंड बघितलेला माणूस एकच होता. जुन्या पंचांनी थोडी कुरकुर केली. पाळकसाहेब म्हणाले, "अहो, इतकी वर्षं ते आपल्यात आहेत, कुणाला तरी धरून दिलंय का त्यांनी?" पंचांनी विचार केला आणि नाइलाजानं नाही म्हणाले.

वर्ग भरायचा शब्बाथशाळेच्या खोलीत. बाकं बालवर्गाची, त्यामुळं आम्ही गुडघे हनुवटीला टेकवून अभिनय शिकायचो. गीतांचं पुस्तक ठेवायच्या लाकडी घोडीवर माझ्याच दुकानातला मोबाईल बांधलेला. पहिल्याच दिवशी काकांनी विचारलं, "कॅमेरा म्हंजी कोण?"

मेढ्याहून येणारे पीटीचे सर होते, उंच, गोरे, खांद्यापर्यंत केस वाढवलेले. ते म्हणाले, "यंत्र."

मला पुढं जायची घाई. मी म्हणालो, "देवाचा डोळा, काका."

"देव माफ करतो रं," काका म्हणाले. "कॅमेरा म्हंजी शेजारीण. तू दाखवशील ते तिला दिसत न्हाई. तू लपवशील ते पयलं दिसतंय. म्हणून दाखवायचं बंद कर आन लपवायला शिक."

हे शिकवायची त्यांची जागा म्हणजे रविवारची उपासना. उपदेश लांबला की त्यांचा वर्ग सुरू. जांभई आली पाहिजे, ती गिळली पाहिजे, डोळ्यांत पाणी येता कामा नये, आणि पाळकसाहेबांशी नजर भिडली तर त्यांना वाटलं पाहिजे की हे वचन याच माणसासाठी आहे. "मंडळी जन्मभर हे करती," काका कुजबुजायचे, "फकस्त शिकून केलेलं न्हाई म्हणून पकडली जाती." स्वतः काका तिसऱ्या बाकावर इतक्या एकाग्र चेहऱ्यानं बसायचे की बाहेरून आलेले पाहुणे पाळक त्यांच्याकडेच बघून उपदेश करायचे. काकूंना विचारलं तर त्या सांगायच्या की ते तेव्हा झोपलेले असत, डोळे उघडे ठेवून, आणि घोरणंसुद्धा आतल्या आत.

रडायचं तर नावच काढायचं नाही. मी एकदा त्यांना रडून दाखवलं. असं रडलो की शेजारच्या खोलीतून गीतांचा सराव करणाऱ्या बायका धावत आल्या, कोण गेलं म्हणून. काकांनी शांतपणे मला पंचा दिला. "रडणाऱ्याकडं कुणी बघत न्हाई लेका. रडू आवरणाऱ्याकडं बघतात. आवर. आवरताना जे दिसंल तेच काम."

शूटिंग सुरू झालं तेव्हा एक घोटाळा झाला, तो फक्त आमच्याच लोकांकडून होऊ शकतो. काकांना शूटिंगचे 'अॅक्शन', 'कट' हे इंग्रजी शब्द आवडायचे नाहीत. सगळ्यांना गप्प करायला ते पाळकांसारखं म्हणायचे, "प्रार्थना करू या." आणि प्रसंग संपला की म्हणायचे, "आमेन." आमची माणसं अशी तयार झालेली की 'प्रार्थना करू या' कानावर पडताच माना खाली आणि डोळे बंद. पहिल्या दिवशीचं सगळं चित्रण बघितलं तर गालिलाच्या सरोवरापासून बाजारापर्यंत यच्चयावत माणसं डोळे मिटून चाललेली. एक रोमी शिपाई तर चालता चालता उसाच्या सरीत पडला, तोही डोळे मिटूनच. काकांनी शब्द बदलले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून म्हणू लागले, "प्रार्थना करू या. डोळे उघडे ठेवून."

आता ताटाचं सांगतो.

आमच्या मंडळीत सणाला प्रीतिभोजन असतं, आणि त्यात जुन्या काळापासूनची रीत अशी की एका ताटात दोघांनी जेवायचं. भावकीत भांडण असेल, बांधावरून बोलणं बंद असेल, तर त्या दिवशी मुद्दाम एका ताटात बसायचं. गुरूबरोबर एकाच ताटात हात घालून त्या बाराव्यानं दगा दिला, त्याची आठवण म्हणून ही रीत. पण त्या सिनेमानंतर काकांच्या ताटात हात घालायला कुणी बसेना. कुणी बोलायचं नाही, भांडायचं नाही. नुसते दुसरीकडं बसायचे. आधी घाबरून, मग सवय म्हणून, आणि पुढं पुढं तर का बसत नाही हेही कुणाला आठवत नव्हतं. बायकांची पंगत वेगळी, त्यामुळं काकूंनाही येता यायचं नाही.

काका त्याचीही फुशारकी मारायचे. "मला सोतंत्र ताट असतंय. कलेक्टर आला तरी त्याला पाळकाबरोबर वाटून खावं लागतंय. माझं बघा, सगळं मटण एकट्याला." आणि मिशीवरून हात फिरवायचे.

सिनेमात प्रभू झाले मेढ्याचे सर. केसांनीच त्यांची निवड केली होती. बारावा कोण, यावर खोलीत सगळ्यांनी भिंतीवरची, जलप्रलयाच्या जहाजातल्या प्राण्यांची चित्रं बघायला सुरुवात केली. काकांनी माझ्याकडं बोट केलं. "तुझ्या तोंडावर खोटं लय शोभून दिसतंय." मला तो मान वाटला. मी लगेच हो म्हणालो.

आणि त्याच आठवड्यात सांगलीहून सुभेदारांचा निरोप आला.

सुभेदारांची मुलगी सुवार्ता सांगलीला परिचारिका होती. तरुण संघाच्या मेळाव्यात आमची ओळख झाली. मी तिला माझ्या कोपराची कीर्ती सांगितली, ती म्हणाली, "दाखवा बघू, कोपर तरी खरा हाय का," आणि तिथंच माझं ठरलं. तिचंही ठरलं होतं असं मला वाटत होतं. राहता राहिले तिचे वडील. फौजेतून निवृत्त, मिशा अशा की त्यांच्या आधी मिशा खोलीत यायच्या. त्यांनी निरोप धाडला: "पोराचं घर नको, दुकान नको. ईस्टरला येतो. त्याच्या मंडळीत लोक त्याला कसं वागवतात ते बघतो. मग सांगतो."

मी तडक चिंचेखाली गेलो.

"काका, मला सोडा यातनं. सुभेदार ईस्टरलाच येणार हायेत."

"येऊ द्या की. प्रेक्षक वाढला."

"आवं, ते मंडळी मला कशी वागवती ते बघायला येणार. आन तुमी मला बारावा करणार. लगीन मोडंल माझं."

काकांनी खिळ्यावरच्या छत्रीकडं बघितलं. मग म्हणाले, "मग वाईट कर."

"म्हंजी?"

"सोपं हाय. तुला जन्माचंच येतंय. डोळे वटार, हातावर हात चोळ, आन मुका घेऊन झाला की गडगडाटी हस. लोक हसतील आन विसरतील. तुझं लगीन हुईल." डॉक्टरनं पाय कापावा लागेल हे सांगावं तसं त्यांनी ते सांगितलं.

"आन चांगलं केलं तर?"

"तर तुला बी ताट मिळंल."

काकू दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. "ऐक बाबा त्येंचं," त्या म्हणाल्या. "जन्मात एकदा शाणपणाचं बोललेत. बायकांच्या पंगतीतनं मी त्या ताटाकडं बघत आलेय इतकी वर्सं. त्यांना वाटतंय मला दिसत न्हाई."

"बघण्यासारखंच असतंय ते," काका म्हणाले आणि बाहेर जाऊन विनाकारण चिंचेला पाणी घालू लागले. त्या झाडाला पाण्याची गरज इंग्रज गेल्यापासून नव्हती.

तेव्हा ठरलं. मी वाईट काम करायचं. इतकी मनापासून तयारी मी कशाचीच केली नव्हती. दुकानात मोबाईल उघडता उघडता गडगडाटी हसायचो. गिऱ्हाइकं आपला मोबाईल परत मागायची.

मुक्याचा प्रसंग आम्ही कोरेगावजवळच्या एका आंबराईत घेतला. तीच आमची जैतुनाची बाग. रोमी शिपायांच्या डोक्यावर भांडीवाल्याकडून आणलेली पातेली, हातात चिंध्यांच्या मशाली, सूर्य मावळतीला टेकलेला. काका घोडीवरच्या मोबाईलमागं उभे राहिले. "प्रार्थना करू या. डोळे उघडे ठेवून."

मी निघालो. डोळे वटारले. हात चोळणार, तेवढ्यात प्रभूंच्या जवळ पोचलो आणि वास आला.

मेढ्याच्या सरांनी दुपारी लसणाचा ठेचा खाल्ला होता. खाल्ला म्हणजे काय, अख्ख्या मेढ्यात त्या वर्षी लसूण उरला नसणार. तो वास येत नव्हता, तो समोर उभा होता. मी वितभर अंतरावर थांबलो. पुढं जाववेना. मागं यायचं नव्हतं. श्वास रोखला. डोळ्यांत पाणी तरारलं, ते मी निकरानं आवरलं. हसायचं तर तोंड उघडावं लागलं असतं, आणि तोंड उघडणं म्हणजे मरण. शेवटी सगळं बळ एकवटून मी पुढं झुकलो, मुका घेतला, वळलो, झाडाला धरून एक मोठा श्वास घेतला आणि गुडघ्यातून खाली बसलो.

काकांचं आमेन येईना. शिपायांच्या डोक्यावरची पातेलीही वाजेनात. मग अगदी हळू, स्वतःलाच सांगावं तसं ते म्हणाले, "आमेन."

"काका, परत घ्या," मी म्हणालो. "हसायचं ऱ्हायलं."

"सूर्य गेला."

"कुठं गेला? तो काय!"

"गेला म्हटलं ना," काका म्हणाले आणि मोबाईल सोडून खिशात घातला. त्या उजेडात बारीक टाइपाचं पवित्र शास्त्र वाचता आलं असतं. पण त्यांच्या चेहऱ्याकडं बघून मी शिपायांची पातेली गोळा करायला लागलो. कृष्णेच्या वाळूत कुणीतरी त्यांचंही असंच काम घेतलं असणार, आणि त्यांनीही मग परत मागितलं नसणार.

ईस्टरच्या संध्याकाळी आवारात पडदा लागला. काकांनीच बांधला. इतक्या वर्षांनीही गाठी तशाच पक्क्या. सुभेदार पहिल्या रांगेत, पाठ ताठ. सुवार्ता बायकांत, काकूंच्या शेजारी. माझा प्रसंग आला आणि आवार असं गप्प झालं की चिंचेवरचे बगळेसुद्धा पंख आवरून बसले. मी पडद्यावर वितभर अंतरावर थांबलो. मोठ्या पडद्यावर लसूण दिसत नाही. दिसत होता एक माणूस, ज्याला पुढं जायचं नाही आणि जो जाणार आहे. कुणाचं तरी लेकरू रडायला लागलं. माझ्या मागं बसलेल्या आजीबाईंनी आपली खुर्ची उचलून लांब नेली. माझी सख्खी आत्या शेजारणीला म्हणाली, "लहानपणापास्नंच असा हाय त्यो."

मी सुभेदारांकडं बघितलं. ते गप्प होते. मारणारा आपला, गप बसणारा गेला. मी मनातल्या मनात सांगलीच्या एसटीला निरोपाचा हात हलवला.

मग पंगत बसली. मेढ्याच्या सरांच्या ताटात हात घालायला एवढी गर्दी की त्यांना स्वतःला घास मिळेना. ते उपाशीपोटी आशीर्वाद देत बसले. माझ्या ताटासमोर एक चुलतभाऊ येऊन उभा राहिला, पोटावर हात फिरवत म्हणाला, "बिघडलंय जरा," आणि पलीकडं जाऊन दुसऱ्याच्या ताटात चांगला जेवायला लागला. माझ्या समोर भाकरी, भात आणि वाटीभर रस्सा. त्या दिवशी लहान पोरं बरीच होती म्हणून आचाऱ्यानं रस्सा अगदी फिक्का ठेवला होता, आणि सगळी पंगत त्याच्या नावानं बोटं मोडत होती. मला तर चवच कळत नव्हती. आवाराच्या त्या टोकाला काका आपल्या ताटापुढं एकटे बसले होते. त्यांनी माझ्याकडं बघून पाण्याचा पेला वर उचलला. अभिनंदनाचा. पण पेला लगेच खाली ठेवला, आणि नजरही.

सुभेदार हात धूत होते. एवढा वेळ हात धुणारा माणूस मी बघितला नाही. नळ बंद केला, रुमालानं एकेक बोट पुसलं, आणि बायकांच्या पंगतीकडं एकदा बघितलं. सुवार्तानं तिथूनच हनुवटीनं माझ्याकडं खूण केली, शेळीला गोठा दाखवावा तशी. सुभेदार चालत आले. पंगतीतले घास हातातच राहिले.

ते माझ्यापुढं उभे राहिले आणि माझ्या पाठीत अशी एक ठेवून दिली की मी ताटावरून पुढं झुकलो आणि माझ्या खिशातला पेन उडून वाढप्याच्या बादलीत पडला.

"ही बघणाऱ्याची," ते म्हणाले. "आता सोयऱ्याची पाळी. सरक तिकडं, रस्सा गार होतोय."

आणि मांडी घालून त्यांनी माझ्या ताटातली भाकरी मोडली.

मला किती सुटल्यासारखं वाटलं हे सांगायला माझ्यासारख्या माणसाकडंही शब्द नाहीत, यावरून काय ते समजा. पाठ भाजल्यासारखी झाली होती आणि असं वाटत होतं की त्यांनी आणखी एक घालावी, खात्रीसाठी.

"एक सांग," घास चावता चावता सुभेदार म्हणाले. "मुक्याच्या आधी तू थांबलास. तेवढ्यासाठी मी उठून आलो. काय चाललं व्हतं मनात?"

माझ्या जिभेवर एक भलंमोठं उत्तर आलं होतं. पाप, पश्चात्ताप, मानवी हृदय. पण पाठीत अजून दणका घुमत होता. मी म्हणालो, "लसूण, मामा. सरांनी ठेचा खाल्ला व्हता. वास सोसंना."

सुभेदारांनी माझ्याकडं रोखून बघितलं. मग मान हलवली. "बढाई मारत न्हाई," ते स्वतःशी म्हणाले. "हे बरं हाय." जन्मात एकदा मी तंतोतंत खरं बोललो आणि ते कुणालाही पटलं नाही. त्याच जोरावर माझं लग्न झालं.

तेवढ्यात सुभेदारांची नजर आवाराच्या टोकाला गेली. "ते कोण रं एकटंच जेवतंय?"

"आमचे बारावे. त्यांनीच शिकवलं मला."

"मग तिकडं का?"

सुभेदारांनी उत्तराची वाट बघितली नाही. कवायतीच्या मैदानावरचा आवाज काढून ते म्हणाले, "आवं बारावे, एकट्यानं काय खाताय? या हिकडं. ताट ऱ्हाऊ द्या तिथंच."

काका जागेवरून उठले. ताटं, माणसं चुकवत आले. बायकांच्या पंगतीत काकूंनी हातातला घास खाली ठेवलेला मला दिसला. काका आमच्यात बसले. मी सरकलो, सुभेदार सरकले. काकांनी भाकरीचा तुकडा मोडला, आमच्या वाटीत बुडवला, तोंडापर्यंत नेला आणि तिथं वितभर अंतरावर त्यांचा हात थांबला.

त्यांनी आवरायचा प्रयत्न केला. हनुवटी आवळली, नजर भाकरीवर खिळवली, जे जे त्यांनी आम्हाला शिकवलं होतं ते सगळं करून बघितलं. पण डोळ्यांतलं पाणी मिशीपर्यंत आलं.

"काका, आवरा," मी हळूच म्हणालो.

"रस्सा लय तिखट हाय रं," काका म्हणाले.

इतकं वाईट काम त्यांनी उभ्या आयुष्यात केलं नसेल. सुभेदारांनी पुन्हा एकदा तो पांचट रस्सा चाखला, हं म्हणाले, आणि पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढं सरकवला.